पंचविशीतला साहेब: कोल्हापूरच्या कारखान्यांत नव्याने मॅनेजर झालेल्यांसाठी

शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहत, कुठंही जा, बढतीचा रस्ता ठरलेला आहे. डिप्लोमा किंवा बी.ई. झालेला पोरगा ट्रेनी म्हणून लागतो. ड्रॉइंग पटकन वाचतो, सीएनसीचा, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनचा, प्रोग्रॅम स्वतः दुरुस्त करतो, ऑडिट असलं की रात्री थांबतो. दोन-तीन वर्षांत मालकांच्या नजरेत भरतो आणि एका संध्याकाळी त्याला सांगितलं जातं, "उद्यापासून सेकंड शिफ्ट तू बघ." हाताखाली वीस-पंचवीस माणसं येतात. निम्मी वडिलांच्या वयाची, दोघं-तिघं कालपर्यंत गेटबाहेरच्या टपरीवर बरोबर चहा पिणारी, उरलेली बिहार-ओडिशातून ठेकेदारामार्फत आलेली. माल कसा काढायचा हे त्याला येतं. माणसांकडून माल कसा काढून घ्यायचा, हे मात्र त्याला कुणी शिकवलेलं नसतं.

त्या पोरासाठी आणि त्या पोरीसाठी हा लेख आहे. उदाहरणं फाउंड्री (जिथं लोखंड वितळवून साच्यात ओततात) आणि मशीन शॉपची (जिथं ते मापात कापतात) आहेत, कारण माझं आयुष्य त्यातच गेलं. पतसंस्था, दूध संघ, हॉस्पिटल, सॉफ्टवेअर कंपनी यांतल्या तरुणांनी यंत्रांची नावं बदलून वाचावं, बाकी फारसं काही बदलावं लागणार नाही.

तरुण मॅनेजरकडे वय नसतं, पगार वाढवायचा अधिकार नसतो, कुणाला कायम करायचा तर नसतोच. त्याच्या हातात असतो तो त्याचा शब्द. "गुरुवारपर्यंत हातमोजे आणून देतो" असं म्हणाला आणि गुरुवारी हातमोजे आले, की माणसं त्याचं ऐकायला लागतात. पुढे जे जे सांगितलं आहे ते सगळं याच पायावर उभं आहे.

इंजिनिअर मंडळींनी आणखी एक गोष्ट आधीच मान्य करावी. चांगला मॅनेजर कशाने होतो हे शोधायला गुगलने २००९ च्या सुमारास आपल्याच मॅनेजरांचा अभ्यास केला. त्यातून आठ गुण निघाले. माणसांना घडवणं सगळ्यात वर होतं, तांत्रिक ज्ञान आठव्या क्रमांकावर. तांत्रिक ज्ञान लागतंच, पण ज्या हुशारीवर बढती मिळाली तिच्या जोरावर पुढचं काम निभत नाही.

पहिला पंधरवडा: बघा आणि लिहा

पहिले पंधरा दिवस मोठं काही बदलू नका. नव्या साहेबाला काहीतरी करून दाखवायची घाई असते. माणसं ती लगेच ओळखतात आणि बाजूला उभी राहून बघत बसतात.

शिफ्ट सुरू व्हायच्या वीस मिनिटं आधी फ्लोअरवर पोचा. आधीचा ऑपरेटर मशीन कोणत्या अवस्थेत सोडून जातो ते बघा. नवा आला की दोघांत काही बोलणं होतं का, की एक गेटकडे पळतो आणि दुसरा पाना-गेज शोधत फिरतो? माझ्या पाहण्यात दिवसातला सगळ्यात महागडा वेळ हाच असतो. पुढे बदल करायची वेळ आली की सुरुवात इथूनच करा. जाणाऱ्याने येणाऱ्याला मशीनजवळ उभं राहून चार गोष्टी सांगायच्या: कोणता जॉब चालू आहे, कुठं अडलं होतं, कोणतं माप सरकतंय आणि कोणता माल तपासणीसाठी बाजूला काढलाय. पाच मिनिटांचं काम आहे. पहिला महिनाभर तुम्ही स्वतः तिथं उभे राहिलात तरच ते अंगवळणी पडेल.

दिवसभरात माणूस कशासाठी थांबून राहतो तेही टिपा. क्रेन, इन्सर्ट (मशीनच्या हत्याराचं बदलायचं पातं), इन्स्पेक्टरची सही, फोर्कलिफ्ट, की पुढचं काम सांगायला कुणीच नाही म्हणून? वेळ आणि कारण, दोनच रकाने. पंधरा दिवसांनी ती वही वाचलीत तर 'माणसं काम करत नाहीत' या तक्रारीतला बराच भाग माणसांचा नव्हताच, हे तुमचं तुम्हालाच दिसेल.

आणखी एक बघायचं. मशीन अडलं की माणसं पहिल्यांदा कुणाकडे जातात? बहुतेक वेळा तो इन्चार्ज नसतो. एखादा जुना फिटर किंवा सेटर असतो, पदाने लहान पण शॉपचा सगळा भार त्याच्यावर. त्याला मान द्या, त्याचा सल्ला घ्या आणि तो सल्ला त्याचाच होता हे चारचौघांत सांगा.

पंधरा दिवसांत प्रत्येकाचं नाव, गाव आणि तो कामावर कसा येतो हे पाठ झालं पाहिजे. पन्हाळ्याकडून एस.टी.ने येणाऱ्या माणसाला शेवटची गाडी चुकवून ओव्हरटाइमला थांबवता येत नाही. हे माहीत नसताना तुम्ही त्याला 'सहकार्य करत नाही' असं म्हणाल, आणि ते त्याच्या मनात वर्षभर राहील.

हाक मारायची कशी

आपल्याकडे अरे-तुरे सहज तोंडात येतं आणि त्यात माया असते. तरी साहेबाच्या जागेवरून तेच वेगळं ऐकू येतं. वयाने मोठ्या प्रत्येकाला अहो-जाहोच करा. शॉपमध्ये त्यांना मामा, अण्णा, बापू, जे काही म्हणतात तेच म्हणा. परप्रांतातून आलेल्या माणसाला राज्याच्या नावाने हाक मारायची वाईट सवय आपल्या वसाहतीत आहे. ती तुमच्या शिफ्टमध्ये बंद करा. त्याला नाव आहे, नावाने बोलवा आणि कामाची सूचना त्याला कळेल अशा हिंदीत द्या. वितळलेल्या लोखंडाजवळ उभ्या असलेल्या माणसाला अर्धवट कळलेली सूचना महागात पडते.

मान दिला म्हणजे नियम सैल सोडला असं नाही. "मामा, गॉगल घातल्याशिवाय ग्राइंडर चालू करायचा नाही. मी इथं थांबतो, तुम्ही घेऊन या." आवाज चढवायची गरज नाही, मागे हटायचीही नाही. वयाने मोठा माणूस नियमासाठी रागवत नाही. पोरासोरांसमोर आवाज चढला की रागावतो.

तिसऱ्या आठवड्यापासून: एकेकाशी वीस मिनिटं

रोज एका माणसाला वीस मिनिटं द्या. केबिनमध्ये बोलावू नका, केबिनमध्ये बोलावणं म्हणजे काहीतरी चुकलंय असा आपल्याकडे अर्थ होतो. कँटीनचा कोपरा चालेल किंवा शिफ्ट संपल्यावर पार्किंगचा कट्टा. चार प्रश्न पुरतात:

"या कामात सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो?"

"आधीच्या साहेबांचं काय चांगलं होतं, जे मी मोडू नये?"

"पुढं कोणतं काम शिकायचंय?"

"घरचं असं काही आहे का, जे मला माहीत असलं तर ड्युटी लावताना सोपं जाईल?"

पहिल्या भेटीत बहुतेक जण "सगळं चांगलं चाललंय साहेब" म्हणतील. म्हणू द्या. तुम्ही ऐकलेलं पुढं दुसऱ्याला सांगता का, हे ते आधी तपासणार. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला खरं बाहेर येतं.

इथूनच शब्दाचा हिशेब सुरू होतो. माणसाने काही मागितलं तर उत्तर तीनपैकी एकच द्या. होईल, आणि अमुक तारखेला होईल. होणार नाही, आणि हे कारण आहे. मला विचारावं लागेल, शुक्रवारी उत्तर देतो. शुक्रवारी उत्तर आलं नसलं तरी जाऊन सांगायचं: "अजून आलं नाही मामा, परत विचारलंय." खिशातल्या वहीत दोन रकाने करा, काय बोललो आणि कधीपर्यंत. शनिवारी ती वही वाचल्याशिवाय गेटबाहेर पडू नका.

उचल मागणारे येतील. गणपतीच्या आधी, जूनमध्ये शाळा उघडताना, मुलीच्या लग्नाला. उचल द्यायचा अधिकार तुमचा नसेल तर आशेला लावून ठेवू नका. अर्ज त्याच दिवशी अकाउंट्सकडे पोचवा आणि उत्तर, होकार असो वा नकार, स्वतः तोंडाने सांगा. नकार क्लार्ककरवी कळवणाऱ्या साहेबाकडे माणूस परत मोकळेपणाने येत नाही.

पुढच्या महिन्याभरात एक अडचण मिटवून दाखवा

वीस-पंचवीस जणांशी बोलून झालं की दोन-तीन तक्रारी पुन्हा पुन्हा आलेल्या दिसतील. त्यातली स्वस्तातली आणि सगळ्यांना जाणवणारी एक निवडा. फेटलिंगमधला (ओतलेला माल घासून साफ करायच्या जागेतला) बंद पंखा, पिण्याच्या पाण्याचा नळ, माप घ्यायचा एकच व्हर्नियर तीन मशीनवर फिरतोय, अशी. ती मिटवा. मिटली की भाषण करू नका, लोकांना दिसतं.

काम सांगण्याची आणि शिकवण्याची रीत

आपल्याकडे शिकवणं म्हणजे "बघ, असं करायचं" असं म्हणून स्वतः भराभर करून दाखवणं. बघणारा मान डोलावतो, साहेब जातो आणि तासाभराने माल रिजेक्ट होतो.

यावरचा उपाय जुना आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतले अनुभवी कामगार सैन्यात गेले आणि कारखान्यांत नवखी माणसं आली. त्यांना लवकर तयार करण्यासाठी १९४० ते १९४५ या काळात तिथं 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' नावाचा सरकारी कार्यक्रम चालला. युद्धानंतर तो जपानने उचलला आणि टोयोटासारख्या कंपन्यांच्या कामाच्या पद्धतीत मुरला. त्यातल्या शिकवण्याच्या पायऱ्या चारच आहेत. माणसाची तयारी करणे, करून दाखवणे, त्याच्याकडून करून घेणे आणि नंतर लक्ष ठेवणे.

सीएनसीवर इन्सर्ट बदलण्याचं उदाहरण घेऊ. आधी नव्या पोराला विचारा, त्याला यातलं किती येतं, आणि हे काम का महत्त्वाचं आहे ते सांगा. मग सावकाश करून दाखवा आणि प्रत्येक टप्प्याला हात आणि तोंड दोन्ही चालू ठेवा: "पॉकेट साफ करायचं, कारण खाली चिप राहिली तर इन्सर्ट नीट बसत नाही. स्क्रू एवढाच आवळायचा. पहिला नग मोजल्याशिवाय दुसरा लावायचा नाही, कारण नव्या इन्सर्टचं टोक जुन्याच्या जागी तंतोतंत येत नाही, माप सरकतं, ऑफसेट द्यावा लागतो, म्हणजे मशीनला तेवढा फरक सांगावा लागतो." तिसऱ्या पायरीला तुम्ही हात मागे बांधून उभे राहायचं. तो करेल आणि करता करता कारण तुम्हाला सांगेल. कारण सांगता आलं नाही तर त्याला अजून आलेलं नाही, परत दाखवा. शेवटी अडला तर कुणाला विचारायचं ते नाव घेऊन सांगा आणि त्या दिवशी दोनदा, दुसऱ्या दिवशी एकदा चक्कर टाका.

बहुतेक तरुण साहेब तिसऱ्या पायरीवर घसरतात. स्वतः पाच मिनिटांत होणारं काम दुसरा वीस मिनिटांत करताना बघवत नाही आणि ते पाना हातात घेतात. तसं रोज केलं तर दोन महिन्यांनी शिफ्टमध्ये सेटिंग येणारा माणूस एकच असतो, तो म्हणजे तुम्ही. मग रजा तर सोडाच, जेवायलाही मोकळीक मिळत नाही.

साधं काम सांगतानाही पाच गोष्टी गेल्या पाहिजेत. काय, किती, कधीपर्यंत, का आणि अडलं तर कुणाकडे. "जरा ते बघून घ्या" असं बोलून निघून जाणाऱ्याला संध्याकाळी ओरडायचा हक्क नाही.

माल बिघडला तर

ही परीक्षेची वेळ. एक प्रसंग जवळून बघू. असे प्रसंग पावसाळ्यात आपल्या फाउंड्रींमध्ये दरवर्षी घडतात.

जुलै महिना, बाहेर झड लागलेली. फर्स्ट शिफ्टच्या कास्टिंगमध्ये (ओतलेल्या मालात) ब्लो होल, म्हणजे वायूची भोकं, निघालेत. क्वालिटीचा फोन आलाय, मालकांना फोटो गेलाय. सव्वीस वर्षांचा इन्चार्ज तडक मोल्डिंगवर, म्हणजे वाळूचे साचे करतात तिथं, येतो. समोर पंचावन्नचे मोल्डर मामा. त्याच्या ओठावर आलेलं वाक्य असतं, "मामा, किती वेळा सांगायचं वाळूकडं लक्ष द्या म्हणून?"

तो ते गिळतो आणि मामांना जरा बाजूला घेऊन विचारतो, "मामा, आज ब्लो होल लई आल्यात. तुम्हाला काय वाटतंय, कशानं आलं असतील?"

मामा वाळूची मूठ आवळतात, उघडतात, गोळा मोडून दाखवतात. "वाळू बरोबर हाय. ओल जास्त न्हाई."

"मग?"

"कोअर बघा की." (कोअर म्हणजे कास्टिंग आतून पोकळ राहावं म्हणून साच्यात बसवायचा वाळूचा गाभा.) "कालच्या सेकंडला काढल्यात. रातभर उघड्यावर पडल्यात, आन् ही असली हवा."

"रात्रभर का पडल्या?"

"सेकंडला कोअर जास्त काढत्यात, त्यांना नग भरायचं असत्यात. आमाला सकाळी तेवढं लागतच न्हाईत."

"आणि झाकून ठेवायला?"

"कपाट हाय की. त्यात जुने पॅटर्न भरल्यात."

चार प्रश्नांत दोष मोल्डिंगवरून कोअर शॉपवर, तिथून उत्पादनाच्या टार्गेटवर आणि शेवटी जुन्या पॅटर्ननी (साचा करायच्या नमुन्यांनी) अडवलेल्या कपाटावर आला. दमट हवेत कोअर ओल धरतं. सुमारे चौदाशे अंशांचं लोखंड त्यावर पडलं की त्या ओलीचा वायू होतो आणि बाहेर निघायला वाट मिळाली नाही तर कास्टिंगमध्ये भोक राहतं. मामांना हे कालच माहीत होतं. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. 'का' असं लागोपाठ पाच वेळा विचारत मुळाशी जायची रीत टोयोटाने जगभर नेली. पाचच्या आकड्यात जादू नाही. तिसऱ्या प्रश्नाला एखाद्या माणसाचं नाव आलं तरी तिथं थांबायचं नाही, हे त्यातलं मर्म.

तो इन्चार्ज मग त्याच दिवशी कपाट रिकामं करून घेतो, सेकंड शिफ्टच्या इन्चार्जशी बोलून कोअरची संख्या उद्याच्या प्लॅनला बांधतो आणि मालकांना कळवताना म्हणतो, "मोल्डिंगच्या मामांनी दाखवून दिलं." शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. ते मामांच्या कानावर संध्याकाळच्या आत जातं.

अर्थात कधी चूक खरोखर माणसाचीच असते. गेज लावून माप न तपासता माल पुढे सोडलेला असतो. तेव्हा त्याच दिवशी, एकांतात आणि त्या कृतीबद्दलच बोला. "तुम्ही नेहमीच असं करता" या वाक्यावर भांडणच होतं. "आज दहा ते बाराच्या मालात गेज लागलं नाही, तीस नग परत आले, काय झालं?" याला उत्तर येतं. ऐकून घ्या, पुढं काय करायचं ते त्याच्याच तोंडून वदवा, वहीत लिहा. पुन्हा घडलं तर पुन्हा तसंच बोला. तिसऱ्यांदा घडलं तर लेखी द्या आणि ते देणार हे दुसऱ्या वेळी सांगून ठेवलेलं असू द्या. शिक्षा अचानक येता कामा नये. आणि जवळच्याला एक न्याय, लांबच्याला दुसरा असं एकदा जरी झालं तरी सगळा शॉप ते लक्षात ठेवतो.

रजा, शेती आणि पंचगंगेचं पाणी

पुण्या-मुंबईची मॅनेजमेंटची पुस्तकं इथं कमी पडतात. आपला कामगार निम्मा शेतकरी आहे. त्याचा एक एकर ऊस आहे, दोन म्हशी आहेत. शेतीपंपाची वीज आठवड्यातले काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री येते. रात्री पाणी पाजून सकाळी सातला आलेला माणूस मशीनवर डुलक्या खातो, त्याला आळशी म्हणून चालणार नाही. तसाच त्याला मशीनवर उभा करूनही चालणार नाही. झोपेतला हात प्रेसखाली जातो.

यावर उपाय आधीच कागदावर मांडून ठेवण्याचा आहे. शिफ्टमधल्या सगळ्यांना घेऊन वर्षाचं कॅलेंडर भिंतीवर लावा. जून-जुलैतली भाताची रोप लावण, बेंदूर, गणपती, नवरात्र, दिवाळी, हिवाळ्यातली ऊसतोड, चैत्र पौर्णिमेची जोतिबाची यात्रा, ज्याच्या त्याच्या गावची म्हाई (गावजत्रा). परप्रांतीयांची छठ आणि गावी जायचे दिवस त्यात विसरू नका. प्रत्येकाने आपले नक्की लागणारे दिवस आधी लिहायचे. एखादं काम येणारी माणसं दोनच असतील, तर दोघांनी एकाच दिवशी जायचं नाही, हे त्यांनीच आपसात ठरवायचं. सांगून घेतलेली रजा शक्यतो नाकारू नका. न सांगता मारलेली दांडी मात्र प्रत्येक वेळी, कितीही लाडका माणूस असला तरी, विचारा.

पुराचंही असंच. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ ला शिरोलीजवळ महामार्गावर पाणी येऊन वाहतूक कित्येक दिवस बंद पडली होती. पाणी चढायला लागलं की चिखली-आंबेवाडीचा माणूस जनावरं हलवायला जाणारच. त्याने जावं. तुमच्याकडे त्या दिवसांसाठी यादी तयार हवी: नदीच्या अलीकडे कोण राहतं, पलीकडे कोण, कोण थांबू शकतं, कोणत्या ग्राहकाला आधी कळवायचं. ही यादी मे महिन्यात करायची असते.

कालचे मित्र

ज्यांच्याबरोबर कालपर्यंत साहेबाला नावं ठेवली, त्यांचेच तुम्ही आज साहेब. यातून पळवाट नाही, सरळ बोलणंच बरं. पहिल्या आठवड्यातच दोघा-तिघांना बसवून सांगा: "बाहेर आपण आहे तेच आहोत. आत ड्युटी लावताना मी तुम्हाला झुकतं माप देणार नाही आणि मुद्दाम त्रासही देणार नाही." मग खरंच तसं वागा. टपरीवर चहा जरूर प्या, पण तिथं शिफ्टमधल्या तिसऱ्या माणसाबद्दल बोलू नका. एखादी मैत्री तुटेल. वाईट वाटेल, पण त्याने शॉप मोडत नाही.

वरच्यांशी कसं वागायचं

मालकांना तीन गोष्टी हव्या असतात: माल वेळेवर, रिजेक्शन कमी, आणि अचानक वाईट बातमी नको. तिसरी तुमच्या हातात आहे. ट्रक अडणार हे अकराला कळलं तर अकरालाच सांगा, बरोबर तुम्हाला सुचलेला तोडगाही न्या. संध्याकाळी सहाला सांगितलेली तीच गोष्ट वेगळी दिसते.

माणसांसाठी काही मागायचं असेल तर आकडे घेऊन जा. पंधरवड्यात लिहिलेली थांबण्याची वही इथं कामाला येते. "एक व्हर्नियर कमी आहे" यापेक्षा "व्हर्नियरसाठी तीन मशीन मिळून रोज पाऊण तास थांबतात" हे मालकांना लगेच कळतं. आणि वरून आलेला कडू निर्णय खाली सांगताना "मी काय करू, वरून आलंय" असं म्हणू नका. आत भांडायचं तेवढं भांडा, बाहेर आल्यावर तो निर्णय आपला समजून कारणासकट सांगा.

घरच्या कारखान्यात परतलेल्या मुला-मुलींची गोष्ट जरा वेगळी. म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार यांच्यासारख्या जुन्या उद्योजकांच्या पिढीने कोल्हापूरचं उद्यमनगर नावारूपाला आणलं, आणि तिथल्या वर्कशॉपांत आज तिसरी पिढी बसते आहे. जुन्या मिस्त्रीने तुम्हाला चड्डीत बघितलेलं असतं. तो तुमच्या वडिलांना थेट फोन लावतो आणि वडील तुमचा निर्णय फिरवतात. यावर वडिलांशी घरी, कामाबाहेरच्या वेळी एकदा स्पष्ट ठरवा: कोणते निर्णय तुमचे, कोणते त्यांचे, आणि मिस्त्रींचा फोन आला तर ते काय म्हणतील. सुरुवातीला एकच विभाग मागा, स्टोअर्स किंवा डिस्पॅच. तो वर्षभर नीट चालवून दाखवा. आल्या आल्या सगळीकडे सॉफ्टवेअर बसवायला गेलात तर जुनी माणसं दोन वह्या ठेवतील, एक तुम्हाला दाखवायला आणि एक खरी.

मुलींसाठी, आणि कायद्याचं थोडं

क्वालिटी, प्लॅनिंग, डिझाइनमध्ये आता बऱ्याच मुली आहेत, काही लाइनही सांभाळतात. त्यांना जास्त अडवलं जातं ते न बोलून. सूचना ऐकली जाते आणि मग शेजारच्या पुरुष सहकाऱ्याला विचारून खात्री केली जाते. तसं दिसलं की तिथल्या तिथं, शांतपणे म्हणा, "यावर निर्णय माझा आहे, मला विचारा." आणि तो शेजारचा सहकारी तुम्ही असाल तर तुमचं काम सोपं आहे: "मॅडमना विचारा" इतकंच बोलायचं.

दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी २०१३ च्या कायद्यानुसार लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती लागते. तक्रार साधारणपणे घटनेपासून तीन महिन्यांत द्यायची असते. तुमच्याकडे कुणी असं काही सांगायला आलं तर स्वतः न्यायाधीश होऊ नका आणि 'मिटवून टाका' तर मुळीच म्हणू नका. समितीत कोण आहे ते सांगा, लिहून द्यायला मदत हवी का विचारा आणि गोष्ट दुसऱ्या कुणाला सांगू नका.

बाकी कायद्यातलं किमान इतकं पाठ असू द्या. आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आणि जादा तासांना दुप्पट दर ही १९४८ च्या कारखाने कायद्यापासूनची तत्त्वं आहेत, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितांतही ती आहेत. नव्या संहितांनुसार प्रत्येक कामगाराला नियुक्तिपत्र द्यायचं आहे. ठेकेदाराच्या माणसाला अपघात झाला तर "तो आमचा नाही" हे वाक्य तुमच्या तोंडून जाऊ नये. मशीन तुमचं, शिफ्ट तुमची.

मोबाईल

शिफ्टचा ग्रुप ठेवा, पण त्यावर कुणाची चूक फोटोसकट टाकू नका. रात्री अकराला व्हॉइस नोट नको. तातडीचं असेल तर फोन करा, नसेल तर सकाळी बोला.

सहा महिन्यांनी

आता एक चाचणी घ्या. शिफ्टमधला एक माणूस निवडा, ज्याला पुढं न्यायचंय. आठवडाभर शिफ्ट त्याच्या हातात द्या: ड्युटी तो लावेल, मालकांचा फोन तो घेईल, हँडओव्हर तो करेल. तुम्ही प्लांटमध्येच राहा, पण दुसऱ्या टेबलावर. तो विचारायला आला तर आधी "तुला काय वाटतं?" हे विचारा. सुरक्षिततेचा प्रश्न सोडून मध्ये पडू नका. तो कुठं अडला हे टिपून ठेवा. जिथं जिथं अडला, ते ते अजून फक्त तुमच्या डोक्यात आहे, कागदावर किंवा दुसऱ्याच्या हातात गेलेलं नाही. पुढच्या तीन महिन्यांचं तुमचं काम म्हणजे ती यादी. शनिवारी त्याच्याबरोबर बसा, आधी त्याचं ऐका, मग तुमची टिपणं दाखवा. आणि त्या आठवड्यात त्याने माणसांना काही शब्द दिले असतील तर ते वहीत उतरवून घ्या, ते आता तुम्हालाही पाळायचे आहेत.